लोबोंच्या मानाचा नारळ

चार खणांचं आमचं घर, पण त्या दुपारी एक नारळ लपवायला जागा सापडेना.

मांय तो नारळ पदराखाली धरून घरभर फिरत होती. तांदळाच्या पिंपात ठेवला, काढला. पलंगाखाली सरकवला, काढला. माळ्यावर टाकायला हात उचलला, तर वरून मांजराने उडी मारली आणि मांयच किंचाळली.

"पेटयेत घाल," पप्पा ओसरीवरून म्हणाले. ते दाढी करत होते आणि आरशातून सगळी मौज बघत होते.

"पेटयेत चादरी आसत. पावण्यांका चादर देऊची लागली तर?"

"मगे माझ्या डोक्यार ठेव. वयसून हॅट घालतंय."

"तुमी गप ऱ्हवा. तुमचोच तो नारळ. तुमचो आनी तुमच्या त्या तातूचो!"

मी साडीला इस्त्री करत होते. हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती. कारण ज्या बाईंपासून तो नारळ लपवायचा होता, त्या मला बघायला बेळगावहून येत होत्या. आणि त्यांचा मुलगा मला हवा होता.

आता हे सगळं नीट सांगते. गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. सावंतवाडीपासून तासाभराच्या वाटेवर शिरंगळ नावाचं आमचं गाव. घरं हिंदूंची जास्त, आमची ख्रिस्तावांची मोजकीच. पप्पांचं नाव सांतान लोबो. घरासमोरच्या तिठ्यावर दगडी खुरीस, म्हणजे क्रूस, आणि त्याच्या पलीकडे तातू घाडी यांचं घर. तातूकाका सातेरी देवीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे देवाशी बोलायची ही रीत आहे. एकाने सगळ्या गावाच्या वतीने उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा.

शिमग्याला मात्र देवीपुढे लोबोंचा नारळ ठेवल्याशिवाय तातूकाकांचं तोंड उघडत नसे. तो मान आमचा. लोबो आणि घाडी मूळचे एकाच चुलीचे, पुढे एका भावाने बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्याने नाही घेतला, असं जुनी माणसं सांगायची. खरंखोटं त्या दोन भावांना ठाऊक. चुली वेगळ्या झाल्या, मान मात्र कोणी सोडला नाही.

तसाच मान उलट बाजूनेही होता. मे महिन्यात खुरसापुढे आमची लदीन व्हायची. लदीनीत पुढे उभा राहणारा सायबिणीचं, म्हणजे मारियामातेचं, एकेक नाव घेतो आणि बाकीचे 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात. आमच्यासाठी विनंती कर, असा त्या लॅटिनचा अर्थ. पुढे उभे राहायचे ते पप्पा. आणि खुरसापुढचा पहिला दिवा लावायचा मान घाड्यांचा. तातूकाकांनी काडी ओढल्याशिवाय पप्पांना लॅटिन फुटत नसे.

"तुमचा ओरा प्रो नोबिस आनी आमचा व्हय म्हाराजा, गजाल एकच," तातूकाका म्हणायचे. "एकट्याचा देव आयकना नाय. चार माणसांनी बोंब मारूक व्होयी."

"तुमची सातेरी भयरी आसतली. आमची सायबीण हळू बोल्ललाय आयकता."

"मगे तेच्यापुढे ता व्हायोलीन कित्याक कुरकुरवतास?"

असं दोघांचं जन्मभर चालायचं. शिमग्याला देवळातून परत मिळालेला मानाचा नारळ वर्षभर आमच्या कोनाड्यात, सायबिणीच्या तसबिरीशेजारी बसलेला असे. आमचे पाद्री घरं आशीर्वादायला येत, तेव्हा तसबिरीवर पाणी शिंपडताना चार थेंब नारळावरही टाकून जात. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही.

पण बेळगावहून मला बघायला येणाऱ्या आर्जेमीराबाय म्हणजे पाद्री नव्हेत.

मी सावंतवाडीला एका दवाखान्यात नर्स होते. बेळगावचा एक फिटर तिथे जनरेटर बसवायला आला आणि पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेऊन माझ्यापुढे बसला. बोनिफास त्याचं नाव. बोनी. जखम आठवड्यात भरली, ड्रेसिंग पावसाळाभर चाललं. मी अठ्ठावीस वर्षांची होते. गावाने माझं नाव 'ऱ्हवलेली' मुलगी म्हणून कधीच पक्कं केलं होतं आणि मीही ते मनाला लावून घेणं सोडलं होतं. तो अंगठा घेऊन आला आणि पुन्हा सगळं मनाला लागायला लागलं.

बोनीला वडील नव्हते. आईने एकटीने वाढवलेला मुलगा. "तिचं मन मोडून मी लग्न करणार नाही, मेंतीन," त्याने मला सरळ सांगितलं होतं. "पण तिचं मन वळवायला काय वाटेल ते करीन."

मन वळवणं सोपं नव्हतं. त्याची आई चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. आदल्या वर्षी ती एका मुलीच्या घरी गेली होती, तिथे तिला नारळ दिसला आणि चहाचा कप तसाच ठेवून ती उठून आली. ही बातमी बोनीने मला दिली, मी मांयला दिली, आणि मांयने घर उपसायला काढलं.

दसऱ्यापासून दारावर वाळत असलेलं तोरण गेलं. उंबऱ्यावरची लिंबू-मिरची गेली. वासराच्या गळ्यातला काळा दोरा गेला, तेव्हा वासरूसुद्धा जरा बावरलं. खुरसाच्या चौथऱ्याला लागून तुळस उगवली होती, तिला मांयने खोकल्याचं औषध ठरवून ठेवलं. घरोघरी फिरून तिने शेजारणींना बजावलं, "बायांनो, आज नुसता ओरा प्रो नोबिस. चुकानसुद्धा तोंडातसून व्हय म्हाराजा भायर पडता नये." आमच्या लदीनीला निम्मं गाव हिंदू असायचं, आणि सवयीने त्यातला कोणी ना कोणी शेवटी 'व्हय म्हाराजा' ठोकून द्यायचाच. एरवी त्यावर सगळे हसायचे.

आणि त्या सकाळी मला बरोबर घेऊन मांय घाड्यांकडे गेली.

"तातूभाव," ती म्हणाली, "यंदा दिव्याक तुमी येव नकात. पावणी कडक आसा. चेडवाचा एकदा जुळांदे, फुडल्या वर्सा शंभर दिवे लावा."

तातूकाका सुंभ वळत होते. त्यांचा हात थांबला. चुलीपाशी बसलेल्या सुंदराकाकींनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा चुलीत फुंकर घातली.

"तेच्यान मेंतीनचा बरा होता मां?" तातूकाकांनी विचारलं.

"व्हय."

"मगे झाला. दाराक कडी घालून बसतंय."

एवढं बोलून ते पुन्हा सुंभ वळायला लागले. मला फार वाईट वाटलं. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला पांढरे बूट घ्यायला हाच माणूस मला खांद्यावर बसवून बाजाराला घेऊन गेला होता.

"मांय, ह्या बरा नाय," वाटेत मी म्हणाले.

"तुका घोव व्होयो की तातू?"

मी तिच्यामागून चालत राहिले. नवरा हवा होता. खोटं कशाला बोलू? पण हे पप्पांना कळू द्यायचं नाही, एवढं मात्र आम्हां दोघींना न बोलता समजलं.

तर तो नारळ. शेवटी मांयने तो न्हाणीघरातल्या तांब्याच्या हंड्यात टाकला आणि वर झाकण ठेवलं. हंडा रिकामा होता, न्हाणीत काळोख होता. "हंय कोण बघता?" ती म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदा खाली बसली.

चारच्या सुमाराला पाहुणे आले. पुढे आर्जेमीराबाय, मागे सामान घेऊन बोनी. पांढरी कडक सुती साडी, काळी पर्स, गळ्यात चांदीचा क्रूस. बोलणं तर असं शुद्ध, की पप्पा खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

"प्रवास बराच लांबचा झाला," त्या म्हणाल्या. "आधी जरा पाय धुवायला पाणी मिळेल का?"

"मिळेल म्हणजे? हंडो काठोकाठ भरलेलो आसा!" पप्पा अभिमानाने म्हणाले. "आताच मी कळशे वतून इलंय."

मांयच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं.

पाहुण्या बाईंना काही सांगायच्या आत त्या न्हाणीत पोचल्याही होत्या. मी टॉवेल घेऊन धावले. त्यांनी न्हाणीचं दार सताड उघडलं आणि झाकण उचललं. नारळ वर तरंगत होता, शेंडी आकाशाकडे करून, आणि त्याच्यावरचं देवीचं कुंकू पाण्यात सुटून सगळा हंडा गुलाबी झाला होता.

बाईंनी तांब्याने तो हळूच खाली दाबला. तो बुडाला आणि टुणकन वर आला. त्यांनी पुन्हा दाबला. तो पुन्हा वर आला आणि गोल फिरून त्यांच्याकडे तोंड करून थांबला. नारळाला डोळे असतात हे मला तेव्हा फार प्रकर्षाने जाणवलं.

मी टॉवेल उराशी धरून दारात उभी राहिले. त्यांनी शांतपणे नारळाच्या बाजूचं पाणी घेतलं, पाय धुतले, झाकण जागच्या जागी ठेवलं आणि माझ्यापुढे हात केला.

"टॉवेल."

स्वयंपाकघरात मांयने माझा दंड धरला. "काय झाला?"

"नारळ तरंगलो."

"काय म्हणाली?"

"टॉवेल म्हणाली."

चहा न्यायला दारात आलेल्या पप्पांनीही ते ऐकलं, आणि मांयने त्यांच्या हातात ट्रे देऊन त्यांना बाहेर पिटाळलं. मग पाच मिनिटांनी ती बाहेर डोकावून आली आणि माझ्या कानाशी लागली, "चाय पिता गो ती. पुरी पिता. थंय तर तशीच ठेवून उठली होती मां?"

खरंच, बाईंनी चहा संपवला, नारळ-गुळाच्या दोदोलचे दोन तुकडे खाल्ले. पण चेहरा मात्र मिटलेला. मला प्रश्न विचारले ते असे, की नोकरीच्या मुलाखतीत बरे. रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना होते का? स्वयंपाक येतो का? रागावल्यावर बोलता की गप्प बसता? मी म्हणाले, "बोलते." बोनीने खिडकीबाहेर बघत खोकल्यासारखं केलं. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. मी त्याच्या अंगठ्यावरच्या व्रणाकडे बघत बसले आणि मनातल्या मनात त्याला निरोप देऊन टाकला. खरं सांगते, रडायला येत होतं.

"आज इथे लदीन आहे म्हणे," बाई उठत म्हणाल्या. "ती ऐकून मग निघू."

ऊन उतरलं तसा तिठा भरला. खुरसाला अबोलीचे वळेसर घातले होते. बायका ओळीने बसल्या, मांयने बजावलेल्या हिंदू शेजारणी तर तोंडात गुळणी धरल्यासारख्या. उकडलेल्या चण्यांचं टोप वडाच्या बुंध्याशी तयार होतं. पप्पा कोट घालून पुढे उभे राहिले, व्हायोलीनवाल्या इनासने तारा पिळल्या, आणि सगळे वाट बघायला लागले.

पणतीत तेल होतं, वात होती. दिवा लावायला कोणी पुढे होईना.

"पेद्रू, दिवो लाव," मांय हळूच म्हणाली.

पेद्रूमामाने दोन्ही हात वर केले. "माझे हात तेलाचे आसत गो."

"तेलाच्या हातान लावूचो नाय तर कसल्या हातान? इनास, तू लाव."

"माका काडी पेटवूक जमना नाय," इनास म्हणाला. इनास दिवसाला दोन बंडल विड्या ओढायचा.

एकेक जण चपलांकडे, वडाकडे, आभाळाकडे बघू लागला. शेवटी बोनी बिचारा चांगुलपणाने पुढे सरकला. "मी लावू का?"

त्याच्या आईने त्याचा शर्ट मागून धरला. "थांब. ज्याचं काम त्याने करावं."

पप्पांनी गर्दीवरून नजर फिरवली. "तातू खंय?"

त्यांनी मांयकडे बघितलं. मांय जमिनीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं, आणि मीही जमिनीकडेच बघत होते. पप्पांना कळलं. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पाहुण्यांना "आत्ता इलंय" म्हणाले आणि तिठा ओलांडून घाड्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. अंतर ते काय, पुढचं सगळं सगळ्यांना ऐकू आलं.

"तातू, कडी काढ."

"पावणी गेली काय?" आतून आवाज.

"नाय."

"मगे येवचंय नाय मी. तुझ्या बायलेक शब्द दिलंय."

"तातू, कडी काढ म्हणतंय."

"अरे येड्या, चेडवाचा लगीन आसा. जा, तुझा लॅटिन म्हण जा."

"तू कडी काढतंस की मी कौलार चडान भितर येव?"

पप्पांचं वजन आणि घाड्यांची कौलं यांचा विचार तातूकाकांनी केला असावा. कडी निघाली. पप्पा त्यांना मनगटाला धरून घेऊन आले. अंगात नुसता बनियन, कमरेला पंचा, चेहरा लहान मुलाला शाळेत ओढत नेतात तसा. मागून सुंदराकाकी त्यांचा सदरा घेऊन धावत आल्या, तो त्यांनी खुरसापुढेच चढवला. उलटा.

तातूकाकांनी कोणाकडे न बघता काडी ओढली. वात पेटली. त्यांनी खुरसाला हात जोडले आणि बाजूला व्हायला निघाले, तर पप्पांनी मनगट सोडलं नव्हतं.

आता पप्पा लदीन सुरू करणार म्हणून इनासने व्हायोलीन हनुवटीखाली घेतलं. पप्पांनी डोळे मिटले. घसा खाकरला. आणि त्यांच्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं,

"बा देवा म्हाराजा!"

इनासचा हात हवेतच राहिला. मांयने "जेजूस" म्हणून कपाळाला हात लावला. सगळ्यांच्या ओठांवर उत्तर आलेलं दिसत होतं आणि मांयच्या धाकाने ते तिथेच अडलं होतं. पप्पा पुढे जन्मभर सांगायचे, की तातू शेजारी उभा राहिला म्हणून सवयीने जीभ घसरली. मला ते अजून पटलेलं नाही.

"खुरसावयल्या धन्या, म्हाराजा," ते पुढे म्हणाले. "आज माझ्या घराक पावणे इलेत. पावण्यांका बरा दिसाचा म्हणान आमी दारातला तोरण काढलांव. देवळातसून इललो मानाचो नारळ न्हाणयेत बुडयलांव. दिव्याचो मानकरी घरात कोंडलांव. माणसांपासून लपयलांव, म्हाराजा, पण तुझ्यापासून काय लपता?"

पप्पा एकटेच उभे, डोळे मिटून, उत्तराची वाट बघत. गाऱ्हाणं घालणाऱ्याला उत्तर मिळालं नाही तर तो पुढे जाऊ शकत नाही. आमच्याकडे तो मोठा अपशकुन. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आणि मागून एक आवाज आला. भरदार, मोकळा, शेतावरून हाक मारावी तसा.

"व्हय म्हाराजा!"

सगळ्या माना वळल्या. आर्जेमीराबाय उभ्या राहिल्या होत्या. काळी पर्स खाली पडली होती, हात जोडलेले होते. बोनी तोंड उघडं टाकून आपल्या आईकडे बघत होता.

पप्पांनी डोळे न उघडताच पुढचं मागणं घातलं.

"ह्या एकच चेडू माझा, म्हाराजा. तेच्या मनातलो झील तेका गावांदे. जंय जायत थंय सुखान नांदांदे."

"व्हय म्हाराजा!" आता सगळा तिठा म्हणाला. इतका वेळ दाबून धरलेलं, त्यामुळे जरा जास्तच जोरात. पेद्रूमामा तर दोनदा म्हणाले.

"पण तातूक लपवून जुळणारा लगीन माका नको, म्हाराजा. माझा चेडू घरात ऱ्हवला तरी चलात. तेचा बापूस मेल्यार घाड्यांचो खांदो लागाचो आसा, तो मान मोडून मी पावण्यांका मान देवचंय नाय."

हे मागणं माझ्याविरुद्धचं होतं. पप्पा आपल्याच मुलीचं लग्न देवापुढे ठेवून बाजूला सरले होते. मी बोनीकडे बघितलं. मग तातूकाकांकडे बघितलं. उलट्या सदऱ्यात उभे होते आणि त्यांचं मनगट अजून पप्पांच्या हातात होतं. सकाळी मांयने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा आलं. मी तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला सगळ्यांत मोठा ऐकू आला.

"व्हय म्हाराजा!"

त्यानंतर पप्पांनी नाक पुसलं, इनासला खूण केली आणि अख्खी लदीन एकही नाव न चुकता म्हटली. तातूकाका शेजारी उभे राहून 'ओरा प्रो नोबिस' म्हणत होते. चाल चुकत होती, पण ती दरवर्षीच चुकायची.

चणे वाटायला मी निघाले तर खुरसाच्या पायरीवर आर्जेमीराबाय आणि सुंदराकाकी मांडीला मांडी लावून बसलेल्या. बाईंचं पुस्तकी मराठी कुठच्या कुठे गेलं होतं.

"माझो बापूस घालायचो गाऱ्हाणा," त्या सांगत होत्या. "आंगणात, खुरसाफुडे. पाऊस नाय पडलो की अख्खो वाडो येयचो आमच्या दारात. मी लगीन करून बेळगावाक गेलंय आनी सासरी एकदा चुकान तोंडातसून गेला. हसान हसान मेले ते. रानटी म्हणाले माका. तेच्यानंतर मी कधी बोलूकच नाय. तीस वर्सां झाली गो, माका व्हय म्हाराजा म्हणान."

बोनी माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "आई ही कोणाची भाषा बोलते आहे?"

"तुझ्या आईची," मी म्हणाले. "चणे घे."

मांय भीत भीत पुढे झाली. "बाय, पण माका कोणी सांगलेला, की गेल्या वर्सा तुमी नारळ बघलास आनी लगीन मोडलास..."

"नारळ बघून नाय मोडलंय," आर्जेमीराबाय म्हणाल्या. "पलंगाखाली लपयललो बघून मोडलंय. जी माणसां आपलो देव पावण्यांक भियान पलंगाखाली ढकलतत, ती फाल्यां माका खंय ढकलतली?"

मांयचा चेहरा पडला. "मगे... आमीय लपयललोच होतो."

"व्हय. हंड्यात. दोनदा दाबलंय तरी ऱ्हवाक नाय." त्या पहिल्यांदा हसल्या. "न्हाणयेतच ठरयलंय मी, हंयसूनय उठाचा. पाय धुवन झाले की चल म्हणतलंय झिलाक. पण लदीन आयकूचो मोह सुटना नाय. आनी मगे तुझ्या घोवान तो नारळ चार माणसांत भायर काढल्यान. असो व्याही माका खंय गावतलो?" त्यांनी माझ्या हातातून चण्यांचं ताट घेतलं आणि मला बाजूला बसवलं. "तू रागावल्यार बोलतंस मां?"

"बोलतंय," मी म्हणाले.

"बोल. माझ्या घरात खूप वर्सां कोणी मोठ्यान बोलाक नाय."

निघताना त्यांनी मांयला एकच गोष्ट बजावली. "तो नारळ फोडू नकात. रोसाक ठेवा."

पाऊस पडायच्या आत आमचं लग्न झालं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे नवरीला रोस लावतात. तुम्ही हळद लावता, आम्ही नारळाचा रस चोळतो. न्हाऊ घालायची हौस दोघांची सारखीच. अंगणात पाटावर बसवून मला विचारलं, पहिली वाटी कोण ओतणार. तो मान मामाचा. पेद्रूमामा उठले, वाटी घेतली आणि सरळ तातूकाकांच्या हातात दिली. "माझे हात तेलाचे आसत," ते म्हणाले.

सातेरीचा तो नारळ मांयने स्वतःच्या हाताने खवला होता. पाणी थोडं आटलं होतं, पण दूध भरपूर निघालं. तातूकाकांनी माझ्या डोक्यावर वाटी धरली. सदरा या वेळी सुलटा होता. रस कपाळावरून, डोळ्यांवरून खाली यायला लागला, त्यामुळे मला काही दिसेना, नुसतं ऐकू येत होतं.

"बा देवा म्हाराजा," तातूकाका हळूच म्हणाले. "आमचा मेंतीन चल्ला. तेका सांभाळ."

आणि ते उत्तरासाठी थांबले.

आणि स्वयंपाकघराच्या दारातून, जिने अख्ख्या गावाला बजावून ठेवलं होतं, तिचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा," मांय म्हणाली.